लिटरमागे गुण

ज्या वर्षी मोजण्यासारखं काही उरत नाही, त्या वर्षी मोजमापाची गरज सर्वांत जास्त असते. आमच्या सहकारी साखर कारखान्याला हे सत्य लागोपाठच्या तिसऱ्या दुष्काळात उमगलं. त्या हंगामात गाळपाला आलेला ऊस शून्य, निघालेली साखर शून्य आणि कर्मचाऱ्यांची हजेरी शंभर टक्के होती. (जाणार कुठे?)

कारखान्याचे चीफ केमिस्ट गुरुलिंग साहेब मोठे काटेकोर गृहस्थ. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, याला उतारा म्हणतात. तो काढण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. ऊसच येईना म्हटल्यावर ते प्रयोगशाळेत बसून कधी चहाचा, कधी राजगिऱ्याच्या लाडवाचा उतारा काढत. अध्यक्ष अर्जुनराव आबांना हे पाहवेना. पगार चालू असलेल्या माणसाच्या हाताला काम हवं, या उदात्त धोरणानुसार त्यांनी गुरुलिंग साहेबांना कारखान्याच्याच कॉलेजातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघावर नेमलं.

बास्केटबॉलच का, असं कुणी विचारील. कबड्डीच्या आणि खो-खोच्या मैदानावर पाणी मारावं लागतं. बास्केटबॉलचं कोर्ट सिमेंटचं, त्याला पाणी लागत नाही. ही गोष्ट संचालक मंडळाच्या ध्यानात आल्यापासून पाटोद्याजवळच्या आमच्या कॉलेजात या खेळाला सोन्याचे दिवस आले. (मुलींना पाणी लागतं, ही बाब नंतर निदर्शनास आली.)

मी या कॉलेजात इतिहास शिकवतो. त्या वर्षी इतिहासाला तीन विद्यार्थी होते, त्यातले दोघे जुळे असल्याने एकाआड एक येत. म्हणून प्राचार्यांनी मला संघाचा व्यवस्थापक केलं. खेळ शिकवण्याचं काम राधाकिशन सरांकडे होतं. सर ते मनापासून करत आणि त्यामुळे कोणत्याही समितीवर नव्हते.

आठ कॉलेजांची स्पर्धा होती, प्रत्येकाशी दोनदा सामना. डिसेंबरात सुरुवात झाली आणि सात सामन्यांत आमच्या मुलींनी पाच जिंकले. यात मोठा हात होता चौसाळ्याच्या नीलम्माचा. तिच्या वडिलांचं हायवेवर भांड्यांचं दुकान. नीलम्मा उंच, दणकट, कोर्टभर पळणारी. निम्म्याहून जास्त गुण एकटीचे. राखीव बाकावर शेवटच्या जागी बसायची महादेवी. बारीक चणीची, अबोल. सराव संपला की नीलम्मा तिला अर्धा तास थांबवून घ्यायची आणि फ्री थ्रो टाकायला शिकवायची. "डोळे कावून मिटायलीस? बास्केट काय चावतंय का?" असा तिचा आवाज स्टाफरूमपर्यंत यायचा.

गुरुलिंग साहेब पहिल्या सामन्यापासून कोर्टाच्या कडेला टेबल टाकून बसत. समोर काचेचं मोजपात्र, शेजारी पाण्याचा ड्रम, ड्रमच्या तोटीला कुलूप. कॉलेजला चार दिवसांआड एक टँकर येई, त्याचा खर्च कारखान्याकडे. तेव्हा पोरी पाणी पितात त्याचं पुढे होतं काय, हे सभासदांना कळलं पाहिजे, असा आबांचा रास्त आग्रह होता. खेळणाऱ्या मुलीला मोजून पाणी मिळे आणि त्याची नोंद होई. (बाकावर बसणाऱ्यांचं पाणी प्रशासकीय खर्चात धरलं जाई.)

स्पर्धा निम्म्यावर आली तेव्हा संचालक मंडळापुढे मध्यावधी मूल्यमापन सादर झालं. सूत्र सोपं होतं. खेळाडूने केलेले गुण भागिले तिने प्यायलेलं पाणी. याला साहेबांनी 'क्रीडा उतारा' असं नाव दिलं होतं.

नीलम्माचे गुण एकशे चोपन्न, पाणी बावीस लिटर. उतारा सात.

"सात?" आबा म्हणाले. "अन् बावीस लिटर? आमची म्हैस तरी दूध देती."

कर्णधार वत्सलाचा उतारा नऊ निघाला. ती गुण कमी करी, पण पाणीही कमी पिई, कारण पळायची कमी. सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. मग साहेबांनी चष्मा सारखा केला आणि महादेवीचं नाव घेतलं.

महादेवी सात सामन्यांत मिळून चार मिनिटं खेळली होती. तीही एकाच दिवशी, आणि तो नेमका सोमवार होता. तिचे सोळा सोमवार चालू होते, तेही निर्जळी. त्या चार मिनिटांत तिने डोळे उघडे ठेवून एक फ्री थ्रो घातला होता. एक गुण, पाणी शून्य. साहेबांनी सर्वांसमक्ष कॅल्क्युलेटरवर एक भागिले शून्य केलं. कॅल्क्युलेटरने चूक असल्याचं दाखवलं.

"म्हंजे?" आबांनी विचारलं.

"म्हणजे आबा, एवढी मोठी कामगिरी या यंत्राला पेलली नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "गणितात याला अनंत म्हणतात."

राधाकिशन सर उठून उभे राहिले. "आबा, त्या पोरीला अजून पळत पळत चेंडू टप्पे पाडीत न्यायला जमत न्हाई. नीलम्मा न्हाई तर संघ न्हाई."

"सर, तुमचं हे अंदाजानं चाललंय," आबा मायेने म्हणाले. "साहेबांचं मोजून चाललंय."

ठराव एकमताने मंजूर झाला. नीलम्मा बाकावर, महादेवी कर्णधार. सामन्याच्या दिवशी कर्णधाराने सोमवार पाळावा, वार कोणताही असो, अशी सूचनाही इतिवृत्तात आली.

निर्णय कळवायला मी कोर्टावर गेलो तेव्हा महादेवीचा चेहरा उतरला. "सर, मला कावून कॅप्टन करायलेत? मला न्हाई जमायचं. नीलम्माला कसं तोंड दाखवू मी?"

नीलम्मा बुटाची नाडी बांधत होती. ती नाडी तिने सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "जमंल गं. फकस्त डोळे मिटू नको." आणि बाकावरच्या शेवटच्या जागी जाऊन बसली. मला वाईट वाटलं, पण माझ्याकडे मोजपात्र नसल्याने किती ते सांगता येत नाही.

आठवा सामना उमापूरच्या संघाशी झाला. आकड्यांची धास्ती घेतलेल्या आमच्या मुलींनी सबंध सामन्यात मिळून जेमतेम अर्धा लिटर पाणी घेतलं. आम्ही अठ्ठेचाळीस विरुद्ध अकरा असे हरलो. पण उतारा? लिटरमागे बावीस! दुसऱ्या दिवशी पाटोद्याच्या बस स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर आबा मोठे, साहेब मध्यम आणि मुली अगदी तळाशी होत्या. 'विक्रमी उताऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' लोक थांबून वाचत होते. त्या फ्लेक्सवर पराभवाचा उल्लेख नव्हता, कारण जागा पुरली नव्हती.

नववा सामना फेब्रुवारीत, भर दुपारी, आमच्याच कोर्टावर. सिमेंटवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. समोर परळीच्या बाजूचा एक संघ होता. त्या मुली दर विश्रांतीला घटाघट पाणी पीत होत्या. (त्यांच्याकडे अद्याप शास्त्र पोचलं नव्हतं.) वार गुरुवार, पण महादेवीचा सोमवार होता. पहाटेपासून तिच्या घशात थेंब गेलेला नव्हता. तिसऱ्या सत्रात ती चेंडूमागे धावली, मध्येच थांबली, आमच्याकडे वळून काहीतरी बोलल्यासारखे ओठ हलवले आणि जागच्या जागी कोसळली.

राधाकिशन सर धावले. त्यांच्याही आधी नीलम्मा धावली, पण महादेवीकडे नाही, टेबलाकडे. तिने ड्रम धरून ओढला.

"पोरी, थांब! आधी मोजू दे!" साहेब ओरडले.

"काय मोजता वो? तिची जीभ टाळ्याला चिकटलीय! किल्ली द्या."

"पावती फाडावी लागते..."

नीलम्माने बाकाची फळी उचलली आणि एका फटक्यात तोटी कुलपासकट उडवली. ओंजळीने तिने महादेवीच्या तोंडावर पाणी मारलं, ओढणी भिजवून कपाळावर ठेवली, रडत रडत तिला हाका मारल्या. महादेवीने डोळे उघडले नाहीत. राधाकिशन सरांनी तिला उचलून कारखान्याच्या जीपमध्ये घातलं आणि जीप दवाखान्याकडे निघाली.

पंचांनी मला विचारलं, सामना सोडता की खेळता? मी तोंड उघडायच्या आत नीलम्मा म्हणाली, "खेळतो. पण आधी पाणी पितो."

आणि त्या प्यायल्या. फुटक्या तोटीखाली ओंजळी धरून सगळ्या जणी पोटभर प्यायल्या. वत्सलाने तर डोकं भिजवलं. साहेब मोजपात्र हातात धरून नुसते बघत राहिले. त्या धारेला कुठे कुठे धरणार?

आम्ही तेव्हा चौदा गुणांनी मागे होतो. पुढचं मी उभा राहून पाहिलं. नीलम्मा कोर्टावर आली ती सुटलेल्या बैलासारखी. एक बास्केट, दुसरं, मग लांबून तीन गुणांचं. वत्सला, जी हंगामभर चालत होती, ती पळू लागली. अंतर नऊवर आलं, पाचवर आलं. कुंपणावर बसलेली माणसं खाली उतरली. शेवटच्या मिनिटात आम्ही एकाच गुणाने मागे होतो आणि समोरच्या पोरीने नीलम्माला धक्का दिला. शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो. नीलम्मा रेषेवर उभी राहिली, चेंडू दोनदा आपटला, गुडघे वाकवले.

इथे हे नमूद केलं पाहिजे की साहेबांनी ड्रममध्ये उरलेलं पाणी तपासलं तेव्हा ते शून्य होतं. सांडलेलं पाणी खेळाडूंच्या नावे धरावं लागल्याने त्या सामन्याचा उतारा स्पर्धेतला नीचांकी निघाला.

मार्चअखेर कारखान्याची सर्वसाधारण सभा झाली. 'संघ बंद केल्याने पाण्याची शंभर टक्के बचत' हा त्या वर्षीचा एकमेव विषय टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. गुरुलिंग साहेबांचा सत्कार झाला. हल्ली ते वाचनालयावर असतात. पुस्तकं कमी वाचली गेल्याने ती कमी झिजतात, असं त्यांचं प्राथमिक निरीक्षण आहे. राधाकिशन सरांना तोटीचा खर्च भरण्याची नोटीस आली. नीलम्मा चौसाळ्याला परत गेली आणि तिथल्या शाळेच्या पोरींना सकाळी खेळायला शिकवते.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. शिकलेल्यांना, शेतकऱ्यांना, एका निवृत्त न्यायाधीशांनाही. सर्वांनी आबांना हसून घेतलं, साहेबांना नावं ठेवली आणि मग पुढे सरकून एकच गोष्ट विचारली: त्या दोन फ्री थ्रोंचं काय झालं? जिंकल्या का? किती गुणांनी?

तुमच्याही मनात तेच आहे. असू द्या, त्यात तुमचा दोष नाही, आकड्याची ओढच तशी असते.

महादेवी त्या संध्याकाळी सातला शुद्धीवर आली. दोन बाटल्या सलाइन लागलं. (ते पाण्यात धरायचं की औषधात, यावर लेखापरीक्षकांचा अभिप्राय यायचा आहे.) शुद्धीवर आल्यावर ती उशाशी बसलेल्या आईला म्हणाली, "आई, मी पाणी न्हाई पिले गं, सांग त्यांना." तिच्या आईने पदरात तोंड लपवलं. पुढे बरेच दिवस महादेवीला ग्लास हातात घेतला की कुणीतरी बघतंय असं वाटायचं. नीलम्मा दर रविवारी चौसाळ्याहून येऊन तिच्यासमोर बसायची आणि दोघी बोलत बोलत तांब्या रिकामा करायच्या. आता ती बरी आहे.

हं, आता विचारा स्कोअर.