झाडाची का पोत्याची?

सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडला की माणूस तो कपाळाला लावतो आणि तोंडात टाकतो. आमच्या शेजारचे बप्पा आधी गुरुजींना विचारतात, "झाडाची का पोत्याची?" म्हणजे यातली गोडी फळाची, की कारखान्यातल्या साखरेची? प्रसादात केळंही असतं आणि साखरही, त्यामुळे गुरुजींची पंचाईत होते. मग बप्पा शिऱ्यातल्या केळ्याच्या चकत्या वेचून खातात आणि उरलेला प्रसाद माझ्या हातावर ठेवतात. मी खाते. प्रसाद टाकायचा कसा?

आता गंमत बघा. या माणसाने उभा जन्म साखर कारखान्याच्या गोदामात पोती शिवण्यात घालवला. कारखाना सहकारी, बप्पा थोडा ऊसही घालायचे, म्हणून सभासद. दिवाळीला सभासदांना स्वस्तातली साखर मिळायची. ती ते रांगेत उभे राहून, भांडून घ्यायचे, आणि वडवणीला घरी आणून अंगणातल्या मुंग्यांना घालायचे. आमची भिंतीला भिंत. मी म्हटलं, बप्पा, मुंग्यांपेक्षा आम्हाला द्या की. तर म्हणाले, "मुंग्यांला दुःख नसतंय, वैनी. तुमाला हाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर त्या मुंग्या साखर संपल्यावर माझ्याच स्वयंपाकघरात आल्या.

बप्पांचं म्हणणं असं, की भूक लागली तर भाकरी खावी, पण जीव दुखला तर झाडाचं खावं. किरकोळ भांडणाला बोरं. नवऱ्याने अबोला धरला तर पेरू. मोठ्या दुःखाला मात्र सीताफळच. कारण विचारलं तर म्हणायचे, खाऊन बगा.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा गल्लीने रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी आणली. बप्पांनी पाटीभर सीताफळं आणली आणि एकेकाच्या हातात दिली. नाही कोण म्हणणार? आमच्या आत्याबाई परळीहून आल्या, दारातच हंबरडा फोडायला त्यांनी तोंड उघडलं, तर बप्पांनी त्यांनाही फळ दिलं. मग काय, घरभर माणसं खाली मान घालून बिया थुंकतायत. आत्याबाईंचं रडायचं राहूनच गेलं. तो राग त्यांनी आजवर माझ्यावर धरलाय.

बप्पांच्या घरात दोनच माणसं, ते आणि त्यांची पोरगी सुमी. सुमी लहान असतानाच तिची आई वारली. पोरीची वेणीफणी, शाळेचा डबा, सगळं त्यांनीच केलं. तिसरं म्हणायचं तर अंगणातलं सीताफळाचं झाड.

मग तो दुष्काळ पडला. उसाला पाणी नाही, कारखान्याला ऊस नाही, धुराडं थंड. टँकर आला की बाया घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर. अशात बप्पांनी आंघोळीचा दगड उचलून सीताफळाच्या बुंध्याशी नेला. रोज सकाळी गल्लीसमोर लंगोटावर बसून आंघोळ, तीही साबण न लावता, कारण झाडाला साबण चालत नाही. सुमी लाजेने घरात तोंड लपवायची. पण झाड जगलं. फळं थोडीच धरली, त्या प्रत्येकाला बप्पांनी जुन्या धोतराची चिंधी बांधली.

तुळशीचं लग्न झालं आणि सुमीचं घाटनांदूरला जमलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. पण साखरपुडा म्हटल्यावर बप्पा अडून बसले. पोत्याच्या साखरेवर माझ्या पोरीचं नातं जुळवणार नाही म्हणे, पुडा फळांचा करा. मी ठणकावून सांगितलं, पुडा साखरेचाच होणार, उगा पोरीचं वाटोळं करू नका. तेव्हा कुठे कबूल झाले. मग नवरदेवाच्या मामांनी समजूतदारपणे म्हटलं, तुमचं एवढं मन आहे तर झाडाची दोन फळं पोरीच्या ओटीत घाला. तर बप्पांनी साफ नकार दिला. फळं भुश्शात पिकत घातली होती, त्या टोपलीला कुणाला हात लावू देईनात. मला इतका राग आला! जन्मभर लोकांना फळं खा म्हणून सांगणारा माणूस पोटच्या पोरीसाठी चिक्कू निघाला, असंच मी गल्लीभर सांगितलं.

साखरपुड्याच्या दिवशी मांडव भरला. पाहुण्यांनी आमचा टँकर बघितला, पिंपांची रांग बघितली आणि म्हणाले, पाणी नसताना लग्नाचा वेगळा कार्यक्रम कशाला, आत्ताच लग्न उरकून टाकू. दुष्काळात आमच्याकडे हे असंच होतं, तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सराफाकडून मणी आणले, मंगलाष्टका झाल्या. सकाळी साखरपुड्याला बसलेली सुमी उन्हं कलताना सासरच्या जीपमध्ये बसलेली. नीट निरोपसुद्धा नाही. पोरगी अशी हुंदके देऊन रडायला लागली की बघवेना. नणंदेने बिचारीने पेढा काढून तिच्या तोंडापुढे धरला.

तेवढ्यात गर्दीतून बप्पा टोपली घेऊन आले.

"पोत्याची नगा देऊ तिला," ते म्हणाले. "तिची माय गेली तवा म्या देऊन बगितली. साखर इरघळती, रडू तसंच ऱ्हातंय." मग अख्खी टोपली त्यांनी सुमीच्या मांडीवर ठेवली. "बिया थुकीत जाय, सुमे. घाटनांदूर येस्तोर सरंल."

सुमीने रडतरडत फळ फोडलं. जीप वळणावर गेली तेव्हा खिडकीतून एक बी बाहेर पडलेली मी बघितली. बप्पांना सकाळपासून ठाऊक होतं की पोरगी आजच जाणार. त्याच्याही आधीपासून असेल. मला गल्लीभर बोललेलं सगळं आठवलं.

दिवेलागणीला दाराशी बप्पा उभे. हातात रिकामी वाटी.

"वैनी, साखर हाय का जराशी?"

मी म्हटलं, पोत्याची आहे, बप्पा.

"असू द्या. झाडाची समदी तिला दिली."

मी वाटीत साखर घातली. त्यांनी उंबऱ्यात उभ्यानेच चिमूट तोंडात टाकली, थोडा वेळ तोंड मिटून थांबले. डोळे भरलेलेच होते.

"इरघळली की लगीच," ते म्हणाले, आणि दुसरी चिमूट घेतली.

मी आतून साखरेचा डबाच आणला आणि त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले.