टपाल कुठं यायचं?

आमचे अनंतकाका कुठल्याही परक्या ऑफिसात शिरताना बूट दाराबाहेर काढतात. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका डेंटिस्टकडेही काढले. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, अपॉइंटमेंट आहे का? हा पंचावन्न वर्षांचा माणूस नुसत्या मोज्यांवर उभा राहून अदबीनं म्हणाला, "हो. फक्त फॉर्टी इयर्स लेट आहे." मी शेजारीच होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

काका माझ्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. मूळचे अकोल्याचे, नोकरी सॉफ्टवेअरची, हायवेवर गाडी चालवायला घाबरतात. छंद काय, तर जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटर गेम कंपन्यांची ऑफिसं बघायची. म्हणजे ती पूर्वी जिथं होती, त्या जागा. कंपन्या केव्हाच बुडाल्या. काकू हात टेकून मोकळ्या झाल्या, आणि सारथ्य माझ्या गळ्यात पडलं.

ऐंशीच्या दशकात घरच्या टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर असत आणि त्यांचे गेम साध्या गाण्याच्या कॅसेटवर मिळत. आतल्या कागदावर कंपनीचा पत्ता: लंडनचा, आणि खाली अमेरिकेतल्या शाखेचा. लंडनला जायचं तर परत येताना व्हिसाचा घोळ, ग्रीन कार्डाची रांग हलत नाही, म्हणून काका शाखांवर भागवतात. काकांना हवी ती मूळ कंपनी दुसरीनं गिळली, दुसरीला तिसरीनं. काका तिघींच्या मागावर. "कंपनी मरते, पत्ता मरत नाही," हे त्यांचं पालुपद.

कॅलिफोर्नियात विमानानं गेलो, तर क्युपर्टिनोजवळच्या पत्त्यावर योगा क्लास निघाला. डेंटिस्ट तर सांगितलाच. दोन्हीकडे काकांचा प्रश्न एकच: "इथं टपाल कुठं यायचं?" लोक बिचारे पार्सलचं कपाट दाखवतात. काका त्या कपाटाकडे असे बघत राहतात की मला वैताग येतो, आणि मग वैतागल्याची लाज वाटते.

तिसरा पत्ताही शिकागोच्या बाहेरचाच, घरापासून तासभराच्या ड्राइव्हवर. गेल्या शनिवारी सकाळी गेलो. चार मजले काचेचे, आत एक खुर्ची नाही, दाराला कुलूप आणि जागा भाड्यानं देण्याची पाटी. पार्किंग लॉटमध्ये चिटपाखरू नव्हतं. आमच्या ऑफिसचा अर्धा मजला गेल्याच महिन्यात असाच रिकामा झालाय, त्यामुळे मला तिथं थांबवेना. काकांनी मात्र कुलूपबंद दारासमोर बूट काढले. बाहेर बर्फ वितळून चिखल झालेला.

"काका, पुरे आता. इथं कोणाला विचारणार? भुतांना?"

ते तसेच मोज्यांनी गाडीत येऊन बसले. म्हणाले, "दादानं गेम लिहिला होता."

दादा म्हणजे थोरला भाऊ. लंडनहून मामांनी तो कॉम्प्युटर आणला, आणि दादानं वर्षभर खपून त्यावर गेम केला. कापसाची बैलगाडी जिनिंगच्या गिरणीपर्यंत न्यायची. मध्येच बैल बसतो, उठवता उठवता कापूस भिजतो. गेम कॅसेटवर उतरवला, लंडनच्या त्या मूळ कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, पाकीट तयार केलं आणि "उद्या लंडनला रजिस्टर पोस्ट कर" असं सांगून परीक्षेला अमरावतीला गेला. काका चौदा-पंधरा वर्षांचे. रेडिओवर मॅच लागली होती, घरात कोरी कॅसेट नव्हती.

"मला वाटलं, मागच्या बाजूवर टेप करतोय," काका म्हणाले. "बाजू चुकली. गेम पुसला गेला, दुसरी कॉपी नव्हती."

"मग?"

"मग काय. पाकिटात घातली, पाठवून दिली."

म्हणजे लंडनच्या त्या लोकांनी कॅसेट लावली असेल तर त्यांना हिंदी कॉमेंट्री ऐकू आली असेल. मला हसू फुटलं. काकांकडे बघितलं आणि ते तिथंच मेलं. दादा आठ महिने रोज पोस्टमनची वाट बघत होता. उत्तर आलं नाही. त्यानं कॉम्प्युटर विकून टाकला आणि शाळेत क्लार्क म्हणून चिकटला.

"कोणीतरी भेटेल आणि सांगेल, हो, असं एक पाकीट आलं होतं, आम्ही उघडलंच नाही. तेवढं कळलं की दादाला सगळं सांगणार आहे."

"कोणी भेटणार नाही काका. आत्ताच सांगा. तिकडे संध्याकाळ आहे."

त्यांनी खरंच फोन लावला. स्पीकरवर. दादांचा आवाज खणखणीत.

"काय करून राहिला बे? जेवला काय?"

"नाही अजून. दादा, ऐक ना, एक सांगायचं होतं."

"थांब, आधी माझं ऐक. नातू गेम करायला शिकून राहिला. मला विचारतो, आबा, तुम्हाला येते काय? मी म्हटलं, नाही बापा. एकदा पाठवला होता साहेबांकडे, त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. तेवढी अक्कल आपल्यात नव्हतीच, तेव्हाच समजलं ते बरं झालं." दादा हसले. "हं, बोल. काय सांगत होता?"

काका समोरच्या काचेच्या इमारतीकडे बघत होते. मी त्यांचा दंड धरून हलवला.

"काही नाही," काका म्हणाले. "आज इथं थंडी कमी आहे."