बिनड्रायव्हरच्या गाडीवाली शोभाताई

शोभाताईला गाडीत शेजारी बसवणं म्हणजे तोंडी परीक्षा देणं. ब्रेक दाबला रे दाबला, की तिनं विचारलंच, "काहून?"

एकदा आखाडा बाळापूरला जाताना मी जीप हळू केली.

"काहून?"

"म्हैस."

"ती तर कडेला उभी हाय."

"तिच्या तोंडावर दिसून राहिलं ना, रस्ता ओलांडायचाय म्हणून!"

"तोंडावर म्हंजे नेमकं कुठं?"

मी नुसतंच म्हशीकडं बोट दाखवलं. ताई खाली उतरली आणि हाताची घडी घालून म्हशीचं तोंड निरखत समोर उभी राहिली. मागं बाजाराच्या गाड्या तुंबल्या. शेवटी म्हैसच लाजून शेतात निघून गेली.

शोभाताई हिंगोलीतली आमची शेजारीण. नव्वदच्या दशकात इंजिनिअर झाली, पुण्याच्या कारखान्यात वेल्डिंग करणारे रोबो सांभाळले आणि मग अमेरिकेला गेली. तिथं बिनड्रायव्हरची गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरांची ती प्रमुख. तिचे वडील, नाना, मात्र जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. लोक चिडवायचे, "नाना, लेकीनं तुमच्याच पोटावर पाय दिला की!"

नाना खुशीत म्हणायचे, "माझ्या एकट्याच्या जागी तिला केवढी फौज लागून राहिली, बघा!"

पुढं काचबिंदूनं नानांची नजर गेली. त्यांची स्कूटर ताडपत्रीखाली गेली आणि नाना घरात. मी म्हणायचो, चला, मागं बसा, फिरवून आणतो.

"मागं बसायची सवय न्हाई."

झालं. त्यांनी बाहेर पडणंच सोडलं.

त्या दिवाळीत ताई आली. आल्याआल्या स्कूटर दुरुस्त करून घेतली आणि बाजार बंद होता त्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन हळदीच्या मोंढ्यात गेली. मोकळंढाकळं आवार. तिनं नानांना स्कूटरवर पुढं बसवलं आणि स्वतः मागं बसली.

"ताई, त्यांना दिसत न्हाई!" मी ओरडलो.

"मला दिसतंय ना."

तिनं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. डावा दाबला की डावीकडं, उजवा दाबला की उजवीकडं, दोन्ही दाबले की ब्रेक. आधी स्कूटर दारुड्यासारखी झोकांड्या खात गेली. मग सरळ झाली. मग नानांनी गिअर बदलला आणि समोर चिटपाखरू नसताना ऐटीत हॉर्न दिला.

"शोभे, खरं सांग, कोण चालवून राहिलं?"

"तुमीच, नाना."

ती दोघं माझ्या जवळून वळली. ताईचे डोळे भरून आले होते, तरी ते पुसायला तिनं नानांच्या खांद्यावरचा हात काही काढला नाही.