तात्यांचं रोमन देऊळ

तात्या साळुंखे सायकल इतकी हळू चालवायचे, की ती पडत कशी नाही हाच आम्हाला प्रश्न पडायचा. दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या रस्त्यावर पायी चालणारी माणसं त्यांना मागे टाकून जात आणि वर वळून सलाम करत. कुणी घाई केली, की तात्या म्हणत, "सावकाश! दोहा काय पळून चाललंय का?"

ही गोष्ट सुरू झाली अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साली. तात्या पाटणकडचे, तिथल्या एका बांधकाम कंपनीत गवंडी, मी त्याच कंपनीत कारकून. दोघं एका खोलीत राहायचो. हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी ते डोक्याला टॉवेल गुंडाळत, चपात्या आणि मापाची टेप पिशवीत टाकत आणि उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावाच्या दिशेनं निघत.

"कुठं निघालात?"

"रोमन देऊळ बघाया."

कतारमध्ये रोमन देऊळ! एका शुक्रवारी मीही कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि त्यांच्याबरोबर गेलो. तात्यांच्या वेगानं पोचायला दुपार झाली. गावाबाहेर खजुराच्या बागेमागे तीन पडक्या भिंती आणि एक कमान उभी होती. तात्यांनी आदबीनं चपला काढल्या.

"तात्या, हे कुणाचं तरी पडकं घर आहे."

"रोमन हाय," असं म्हणून त्यांनी भिंतीला टेप लावली आणि माप वहीत उतरवलं.

तेवढ्यात बागेतून एक म्हातारा अरब कॉफीचा थर्मास घेऊन आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये मेरा दादा का घर. तुम हर जुम्मा नापता है. खरीदेगा?"

तात्यांनी नम्रपणे विचारलं, "दादा रोमन था क्या?"

म्हातारा पोट धरून हसला. "यल्ला, चलो, कॉफी पियो."

परतताना दम खायला थांबलो, तेव्हा तात्यांनी खरं काय ते सांगितलं. त्यांची शोभा तेव्हा सहावीत. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात रोमन देवळाचं चित्र होतं. तिनं पत्रात विचारलं, 'बाबा, तुम्ही परदेशात आहात, असं देऊळ पाहिलंत का?' तात्यांच्या हातून 'हो' लिहून गेलं. जवळच आहे, सायकलवर जातो, असंही लिहून गेलं. मग पोरीचे प्रश्न सुरू झाले. भिंत किती जाड? दगड कसला? सावली कुठं पडते?

"पण मापं खरी लिवतो बरं का," तात्या म्हणाले. "गवंडी हाय मी. मापात खोटं न्हाई करायचो."

चार वर्षं हे चाललं. पत्रं चार-चार पानी झाली. पाठवण्याआधी मी शुद्धलेखन तपासायचो. कमानीवर बसणारं कबूतर, म्हाताऱ्याची कॉफी, वाऱ्यानं ढासळलेला कोपरा, सगळं त्यात असे.

मग शोभा दहावीत असताना एक पत्र आलं. तात्या ते घेऊन माझ्यापाशी आले. "चष्मा सापडंना," म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता. मी वाचू लागलो.

'बाबा, रोमन लोक कतारला गेलेच नव्हते, हे बाईंनी मला सातवीतच नकाशावर दाखवलं होतं. पण मी बोलले नाही. आधी तुमच्या पत्रात दोनच ओळी असायच्या, मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा. देवळामुळे तुम्ही लिहायला लागलात. म्हणून विचारत राहिले.'

तात्यांनी पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाले, "पोरीला सगळं ठाऊक हुतं." आणि थोड्या वेळानं, "आता काय लिवू?"

"जे आहे ते लिहा."

ते पेन घेऊन बसले. तास गेला. तपासायला म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला, तेव्हा त्यावर एकच ओळ होती: 'शोभा, मला हितं लई एकटं वाटतं.'

मी त्यातलं एकही अक्षर सुधारलं नाही.