कचरूमामांची हट्टी तार

आमच्या गल्लीत कुठल्याही घरची पकड मागून बघा, तिच्या धारेला खाच पडलेली असणार. ती खाच म्हणजे कचरूमामांची सही. "जरा देता का" वगैरे भानगड मामांकडे नसते. "पकड काडा," म्हणतात आणि दारातच हात पसरून उभे राहतात. माझ्या दोन पकडी त्यांनी खाल्ल्या आहेत.

मामा मूळचे कन्नड तालुक्यातले. पावसानं पाठ फिरवली तशी मेंढरं विकली आणि शहराच्या कडेला नव्या इमारती उठत होत्या तिथं वॉचमन झाले. हा झुपकेदार मिशांचा माणूस दिवसभर खुर्चीत बसून मणी ओवतो. गुलमंडीच्या बाजारातून स्प्रिंगसारखी पोलादी तार आणतो. दुकानदार तिला मेमरी वायर म्हणतो, मामा हट्टी तार म्हणतात. कितीही ताणा, सोडली की पुन्हा आपली गोल. तिच्यात मणी ओवायचे, टोकांना कडी वळवायची, की झालं हातातलं.

त्याला बांगडी म्हटलेलं मात्र मामांना खपत नाही. "बांगडी नाय. वेटोळं हाय." यावरून ते भांडायलाही उठतात. एवढं भांडण्यासारखं त्यात काय आहे, हे मला कित्येक दिवस कळलं नव्हतं.

ही तार साध्या पकडीनं तुटत नाही, पकडच दुखावते. ती घट्ट धरून मागंपुढं तीनचारदा वाकवली तर मात्र मोडते. गल्लीभरच्या पकडी खराब झाल्यावर सापडलेली ही युक्ती फक्त मामांना आणि मला ठाऊक.

मामा वेटोळी फुकट वाटतात. "मला बसंल का?" असं कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं, "माप लागत नाय." खिशात एक जुनं, पिवळ्या मण्यांचं कायम असायचं. शेजारच्या सुमननं एकदा ते मागितलं, तर म्हणाले, "ते दिलेलं हाय." दिलेलं आहे तर खिशात कसं, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

त्याच दुष्काळात सुमनचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. तेराव्याच्या स्वयंपाकाला गल्लीनं टँकरच्या पाण्यातली एकेक घागर दिली. सुमन कोपऱ्यात बसली होती, उघड्या मनगटांवर पदर ओढून. शेजारी सासू गिरजाबाई, त्याही विधवाच. गंगापूरहून आलेला दीर भानुदास सगळ्यांवर हुकूम सोडत होता. सुमनला माहेर नव्हतं. दुखवट्याची साडी कचरूमामांनी आणली, तिच्या मांडीवर ठेवली आणि वर जांभळ्या मण्यांचं वेटोळं ठेवलं.

भानुदास ताडकन उठला. "मामा, पांढऱ्या कपाळाच्या बाईला बांगडी देता?"

"बांगडी कुठं हाय? बांगडीला टोकं असत्यात व्हय? याला दोन हायत. काच नाय, हिरवा मणी नाय, काळा नाय."

"मोडून टाकीन मी!"

"मोडा की."

त्यानं ओढून तार सरळ केली. सोडली तशी ती गोल झाली. बायकांतली एक फिसकन हसली आणि गप्प झाली. भानुदासचं तोंड लाल झालं. माझं घर भिंतीला भिंत लागून, म्हणून तो माझ्याकडेच वळला. "पकड आणा!"

मी आणली. नको वाटत होतं, पण आणली. त्यानं जोर लावून दाबलं. पकडीला खाच पडली, तार तशीच. मग त्यानं ती धरून मागं वाकवली, मग पुढं. मामांनी माझ्याकडे बघितलं. अजून एकदोनदा, की संपलं.

"भान्या, ठिव ती पकड."

गिरजाबाई बोलल्या होत्या. त्यांनी वेटोळं काढून घेतलं, वाकलेली जागा अंगठ्यानं दाबली आणि सुनेच्या हातात घातलं. सुमननं ते दुसऱ्या हातानं घट्ट धरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. भानुदास बाहेर जाऊन उभा राहिला.

गिरजाबाई आपल्या सुरकुतलेल्या मनगटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कचरूभाऊ, आनखी एक हाय का?"

मामांजवळ एकच होतं, खिशातलं. ते काढून त्यांनी तळहातावर धरलं. "गयाक्काचं हाय. माझी थोरली बहीण, देवगाव रंगारीला दिली होती. तिचा मालक गेला तवा मी नुसतं लुगडं घेऊन गेलो. माझ्यासमोर तिच्या बांगड्या फोडल्या. हे सुचलं, तवर अक्काच गेली."

गिरजाबाईंनी हात मागं घेतला. "मग ऱ्हाऊ द्या. तिचं हाय ते."

मामांनी मानेनंच नाही म्हटलं आणि वेटोळं त्यांच्यापुढं धरलं.

"पर मला बसंल का वो? हाडं राहिलीत नुसती."

याचं उत्तर सगळ्या गल्लीला पाठ होतं. पण मामांच्या मिशा हलत होत्या आणि शब्द फुटत नव्हता. त्यांनी गिरजाबाईंचा हात धरला आणि एकेक वेढा चढवू लागले. मला ते बघवेना. शेवटी मीच म्हणालो, "माप लागत नाही, गिरजाबाई."