मडगार्डावरचा पोचा

"ही गाडी मी नेनार न्हाई!" सांगलीच्या शोरूममध्ये नाथाजी हवालदारांनी आवाज चढवला आणि मॅनेजरचा चहा बशीत सांडला.

चार वर्षं नंबर लावून आज गाडी मिळाली होती. सह्या करून हवालदार बाहेर येतात तो डाव्या मडगार्डावर हा वाटीएवढा पोचा! फौजेत बावीस वर्षं ट्रक चालवला, पण त्यांनी कधी ओरखडा उठू दिला नव्हता. ही गोष्ट ते रोज सांगत आणि त्यांचं गाव, कडेगाव, बिचारं रोज ऐकून घेई.

"सकाळी मी स्वतः पुसलीय, साहेब. तेव्हा काही नव्हतं," मॅनेजर म्हणाला.

"मग मडगार्ड आपसूक आत गेलं व्हय? दुसरी गाडी द्या."

"महिना लागेल."

"थांबतो की!"

"आवं, जाऊ द्या की," त्यांची बायको राहीबाई हळूच म्हणाली. आज त्यांच्या माहेरी, मेढ्याला, यात्रा होती. भावाच्या दारात मोटारीतून उतरायचं म्हणून त्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या.

"तू गप. तुला काय कळतंय ह्यातलं?"

राहीबाई खरोखरच गप्प झाल्या. लग्नानंतर असं प्रथमच घडत होतं, पण हवालदार तक्रारीचा अर्ज लिहिण्यात गर्क होते. त्यांना जरा थंड करावं म्हणून मॅनेजरनं खोबऱ्याचा तुकडा पुढे केला.

"नारळ कवा फोडला?"

"तुम्ही आत सह्या करत होतात तेव्हा. बाईंनीच फोडला. मी कुंकू आणेपर्यंत तुकडेसुद्धा करून ठेवले होते."

हवालदारांचं चावणं थांबलं. राहीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत फरशीकडं बघत होत्या.

"फरशीवर फुटंना," त्या पुटपुटल्या. "म्हनून बंपरवर हानला. निसटून मडगार्डावर बसला वो."

त्यांचे डोळे भरून आले होते. हवालदारांना खूप रागवायचं होतं, पण जमेना. त्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली.

"किल्ली द्या," ते मॅनेजरला म्हणाले.

संध्याकाळी मेढ्यात राहीबाईंच्या भावाच्या, हरिबाच्या दारी गाडी बघायला ही गर्दी झाली. राहीबाई ऐटीत उतरल्या, तोच हरिबानं मडगार्डावर बोट ठेवलं.

"दाजी, पोचा कुनी पाडला?"

राहीबाईंचा चेहरा उतरला. हवालदार खाकरले.

"मीच. निघताना खांबाला घासली."

"आन् बावीस वर्सं वरखडा न्हाई म्हनत हुता!" हरिबा ओरडला. अख्खी आळी खो खो हसली. हवालदारांचे कान लाल झाले.

राहीबाई पदर खोचून पुढं झाल्या.

"हसताय काय रं? ह्यांची चूक न्हवती. खांबच मधी आला हुता. म्या सोता बघितलाय!"