नीळ दिलेली पहाट

"जास्त सुंदर करू नकोस हं. होती तशीच छाप."

प्रिंटर कुरकुरायला लागला, की भाच्याला मावशीचं हे वाक्य ऐकू येई. मावशी काही लांब गेलेली नव्हती. पलीकडच्या खोलीत रुमालांच्या घड्या घालत होती. पण महिन्याभराने ती लेकीकडे कायमची राहायला जाणार होती, आणि तिथे तिच्या वाट्याला आलेली खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती. त्या खिडकीशेजारी लावायला तिला एकच फोटो हवा होता. तळ्याकाठची पहाट, बाकावर पाठमोरी मावशी, शेजारी काका, पाण्यावर धुकं. भाच्यानेच तो काढला होता. त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. "होती तशीच देईन," असा शब्द भाच्याने दिला होता, आणि मावशीला दिलेला शब्द म्हणजे देवापुढे ठेवलेल्या फुलासारखा. परत उचलता येत नाही.

फोटो काढणं आणि मागच्या खोलीत स्वतः छापणं हाच त्याचा धंदा. या पहाटेसाठी त्याने कापसासारखा मऊ, नवा कागद आणला, आणि त्यावर पहाट उतरली ती कावीळ झाल्यासारखी. प्रत्येक कागद आपल्या स्वभावाप्रमाणे शाई पितो. म्हणून आधी त्यावर रंगीत चौकटींचा तक्ता छापायचा, रंगमापकाने एकेक चौकट मोजायची आणि कागदाचा स्वभाव प्रिंटरला समजावून सांगायचा. अडलं होतं ते रंगमापकापाशी. नव्या यंत्राची किंमत ऐकून भाचेसून शांतपणे म्हणाली, "एवढ्यात तळंच मिळेल की."

मग स्वस्तातल्याचा शोध सुरू झाला. पहिलं यंत्र झकास दिसत होतं, पण ते फक्त संगणकाच्या पडद्याचा उजेड मोजायचं. कागदावर ठेवलं की रुसल्यासारखं गप्प. दुसरं रंगाच्या दुकानदाराने उसनं दिलं. ते मोजायचं खरं, पण प्रत्येक रंगाला जवळचा भिंतीचा रंग सुचवायचं. धुक्यासाठी त्याने 'स्वच्छतागृहास योग्य' असा शेरा दिला आणि काकांच्या कोटासाठी 'लोखंडी फाटक'. हे मावशीला सांगायचं नाही, असं नवराबायकोचं ठरलं.

तिसरं मिळालं छापखाना बंद करून घरी बसलेल्या एका म्हाताऱ्या मुद्रकाकडे. यंत्र जुनं, पण कागद मोजणारं आणि परवडणारं. फक्त त्याच्याबरोबरची पांढरी फरशी हरवली होती. मोजायला लागण्याआधी यंत्राला ती फरशी दाखवायची असते, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते त्याला कळतं.

"हरवली तर हरवली," मुद्रक म्हणाले. "घरात काहीतरी पांढरं असेलच ना?"

भाच्याने घरी येऊन विचारलं, सगळ्यात पांढरं काय आहे. बायकोने क्षणाचाही विचार केला नाही. "मावशींनी धुतलेला रुमाल."

आणि खरंच, तो रुमाल पाहून डोळे निवत. भाच्याने त्याची चौघडी करून यंत्राला दाखवली, तक्ता मोजला, पहाट छापली. पहाट निळी आली. काका निळे, बाक निळा, धुकं तर दौतीत बुडवल्यासारखं. त्याने कागदावर संशय घेतला, मग शाईवर, मग खिडकीच्या पडद्यावर. पडदा काढला, तर समोरच्या घरातली माणसं त्याच्याकडे पाहायला लागली. दर वेळी रुमाल मात्र भक्तिभावाने तोच. मधल्या काळात शेजारच्या दंतवैद्याच्या फलकाची छपाईही त्याच यंत्राच्या मापाने झाली. फलकावरचे दात चांदण्यासारखे निळसर शुभ्र आले, दंतवैद्य खूश झाला, आणि आलेला प्रत्येक रोगी त्याच रंगाचे दात मागू लागल्यावर हवालदिल होऊन फलक परत घेऊन आला.

वाया गेलेल्या पहाटा भाचेसुनेने फडताळात डब्यांखाली अंथरल्या. अंथरता अंथरता तिची नजर न्हाणीघरातल्या बादलीकडे गेली. मावशी नेहमीसारखी रुमालांना नीळ देत होती.

"अहो," ती आत येऊन हळूच म्हणाली, "तुमच्या यंत्राला निळं तेच पांढरं वाटतंय. म्हणून त्याला बाकी सगळं जग पिवळं दिसतंय, आणि तुम्ही बसलाय त्यावर निळं ओतत."

भाच्याने रुमाल उजेडात धरून पाहिला. मग त्याने मुद्रकांना फोन केला. फरशी सापडली होती. टेबलाच्या आखूड पायाखाली होती. "घेऊन जा," ते म्हणाले, "पण येताना पुठ्ठ्याची घडी आण. चहा सांडतो."

अखेर पहाट जशीच्या तशी उतरली. राखाडी पाणी, काठावर गुलाबी रेघ, पलीकडे झाडांची ओळ, अगदी फांदीन् फांदी. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने ती मावशीच्या मांडीवर ठेवली. तिने चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"छान आलाय रे. पण पहाट ही नव्हे."

"मावशी, मापून छापलाय."

"असेल. माझा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता." ती स्वतःशीच हसली. "मला नुसता निळा धूर दिसत होता. झाडं आहेत, पलीकडे लाली आलीय, ते सगळं हे मला सांगत होते. माझी पहाट तेवढीच."

भाचेसुनेने फडताळ उघडलं, एकेक डबा उचलला आणि खालच्या पहाटा काढून फडक्याने पुसल्या. एकीवर डब्याचं वर्तुळ उमटलं होतं, दुसरीवर तेलाचा डाग.

"यातली कुठली?" भाच्याने विचारलं.

"इथे दिव्याखाली कसं सांगू?" मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी भाच्याने त्या निळ्या पहाटांची गुंडाळी काखेत घेतली. मावशीचा चष्मा तिच्याच रुमालात नीट बांधून उशीजवळ ठेवला. मग तिला हात दिला, पायरी आहे म्हणून सांगितलं, आणि आवाज न करता दार ओढून घेऊन दोघं तळ्याच्या वाटेला लागली.